पाव फेरा

७ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बॉनेट उघडलं आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा डावीकडे फिरवला. मुद्दाम. पेट्रोल किती आणि हवा किती, हे त्या एका स्क्रूवर ठरतं. पाव फेरा पुरतो. सिग्नलला उभी राहिली की गाडी आचके देते, मागचे हॉर्न वाजवतात.

गॅरेजच्या दारातून मिस्त्रीनं लांबूनच ओळखलं. "काय साहेब, पुन्हा रुसली का?"

दहा मिनिटांत लावून दिली. मीटर नाही, काही नाही — नुसता कान. डोळे मिटतो, मान कलती करतो आणि स्क्रू आतबाहेर करत राहतो. मग तासभर बसलो. मी जुन्या टायरवर, तो पायरीवर. चहा. "नवीन गाडीचा मालक बॉनेट कशाला उघडतो माहितीये? फोटो काढायला!" आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

त्याआधी शेवटचं मोठ्यानं बोललो होतो ते बुधवारी, दुकानात. "पिशवी नको."

८ नोव्हेंबर, रविवार

ताईचा फोन. दर रविवारी अकराला येतो, बारा मिनिटं चालतो.

"तो खटारा आहे का अजून?"

"आहे."

"अरे, तुझ्या वयाची माणसं नातवंडांना खेळवतात. तू त्या पत्र्याला अंघोळ घालतोस! वीक आणि इकडे ये राहायला."

मी हो-नाही केलं. तिच्याकडे एकच जादा खोली आहे, आणि तिथे सगळे सारखे बोलत असतात.

हे स्क्रूचं ऑगस्टपासून. तेव्हा खरंच जेटमध्ये, पेट्रोलच्या बारीक छिद्रात, कचरा अडकला होता. तीन शनिवार गेलो. मग गाडी ठणठणीत झाली आणि चौथा शनिवार आला. तसाच गेलो. मिस्त्री हात पुसत पुढे आला. "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. तो पाना हातात घेऊन तसाच उभा राहिला. मीही. गॅरेजमध्ये माणूस बिघाड घेऊन जातो. पाच मिनिटांत निघून आलो.

१४ नोव्हेंबर, शनिवार

आज अर्धा फेरा, उजवीकडे. जरा जास्तच झालं. चढावर गाडी बंद पडली.

मिस्त्रीच्या कपाळाला आठी. "मागच्या शनिवारी घड्याळासारखी लावून दिली होती की!" जेट काढून फुंकले, गॅस्केट बदललं. पैसे काढले तर माझा हात खिशात परत ढकलला. "माझ्या कामाची दुरुस्ती मी करतोय. त्याचे कसले पैसे?"

चहा झाला. पण बोलताना त्याची नजर गाडीवरच.

१७ नोव्हेंबर

नळ दुरुस्त करणारा येणार होता. दिवसभर वाट पाहिली. आला नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

विनोद नाही. आचके ऐकवले तर नुसती मान हलवली. अख्खा कार्ब्युरेटर उतरवला. वर्तमानपत्रावर एकेक भाग मांडत गेला, जोडणीच्या क्रमानं. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल शिरलंय का ते ऐकायला. सगळं नीट होतं. नीट असणारच.

"साहेब, खरं सांगा. माझा हात गेलाय का?"

"छे! काहीतरीच."

"मग कान गेला असेल."

मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, जुनी गाडी आहे. तो म्हणाला, "थंडी दर वर्षी येते."

तेव्हा सांगता आलं असतं. पायरीवर त्याच्या शेजारी जागा होती.

२५ नोव्हेंबर, बुधवार

मिस्त्रीचा फोन. सतरा वर्षांत पहिल्यांदा. गाडी कशी आहे? उत्तम. नक्की? नक्की. सकाळी थंड असताना? उत्तम. "बरं." फोन ठेवला नाही लगेच. मीही नाही.

फोन आला म्हणून मला आनंद झाला. हेही लिहून ठेवतो.

२८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी स्क्रू फिरवला. सवयीनं. हात धुतले, गेलो.

गॅरेजच्या दारात समोरचा वर्कशॉपवाला उभा. पान्यांचा मोठा डबा त्याच्या गाडीत चढलेला. मिस्त्री पायरीवर बसलेला, स्वच्छ शर्टात. त्याला स्वच्छ शर्टात मी कधी पाहिलं नव्हतं.

"या साहेब. आजपासून बंद. तुमची गाडी आता यांच्याकडे न्या."

"का?"

"ऐकू येत नाही नीट. लोक तोंडावर बोलत नाहीत. तुमची गाडी बोलली. चार-चारदा लावतो आणि आठवड्यात बिघडते! मीटर घेऊन काम करणाऱ्यांतला मी नाही. कान गेला, विषय संपला."

वर्कशॉपवाला म्हणाला, "अहो काका, वय झालं की होतंच." मिस्त्रीनं मान डोलावली. असल्या बोलण्यावर एरवी त्यानं पाना फेकून मारला असता.

वहिनी, मिस्त्रीची बायको, मला सोडायला गाडीपर्यंत आल्या. "साहेब, रात्रंदिवस तुमच्याच गाडीचं चाललंय. घरी बसले तर हे आठ दिवसांत अंथरूण धरतील."

गाडी आचके देत घरी आणली.

२९ नोव्हेंबर, रविवार

ताईचा फोन घेतला नाही.

चाळीस वर्षं जमिनीचे नकाशे काढले. रेघ चुकली तर दुसऱ्याचं शेत तिसऱ्याचं होतं. म्हणून चुकलेली रेघ आपणच खोडायची, वरिष्ठांना सापडायच्या आत. हे मी नवीन आरेखकांना शिकवत असे.

सांगितलं तर शनिवार जातील. तो पुन्हा दारात उभा करणार नाही. नाही सांगितलं तर त्याचे सगळेच वार जातील.

वाक्य कागदावर लिहून पाहिलं. सहा वेळा. प्रत्येक वेळी "मी" शेवटी येतो.

३० नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं.

गॅरेज उघडंच होतं, रिकामं. मिस्त्री भिंतीवरच्या खिळ्यांकडे बघत बसला होता. मी उभ्यानंच म्हटलं, "गाडी आपोआप बिघडत नव्हती. स्क्रू मी फिरवत होतो."

खिळ्यांवरची नजर काढून तो माझ्याकडे वळला. मग, "किती?"

"पाव फेरा. कधी अर्धा."

"कुठल्या बाजूला?"

सांगितलं. एकेक शनिवार विचारला त्यानं. बोटांवर घेतला.

"का पण?"

"इथे यायला."

"इथे यायला गाडी मोडायची? अहो, तुम्ही माणूस आहात का कोण! तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही माझ्या! साधनं देऊन टाकली मी त्या पोराटोराला!" उठला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो मागच्या दाराकडे वळला आणि ओरडला, "अगं, ऐकलंस का? कान शाबूत आहे! हे साहेबच चोर निघाले!"

आणि हसायला लागला. भिंतीला धरून हसला. डोळे पुसले.

वहिनी दारात आल्या. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या.

मग मिस्त्री रस्ता ओलांडून गेला आणि डबा परत घेऊन आला, स्वतः उचलून. माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. डोळे मिटले, मान कलती. पूर्वीसारखा वेळ घेऊन लावली. बॉनेट आपटलं.

"पुन्हा स्क्रूला हात लावलात तर बोटं तोडीन. आणि शनिवारी या. नुसते या!"

वचन दिलं. घरी येऊन कोट न काढता बसून राहिलो.

५ डिसेंबर, शनिवार

नुसता गेलो. टायरवर त्यानं पोतं अंथरून ठेवलं होतं. दोन गिऱ्हाईकं होती, दोघांनाही माझी गोष्ट सांगितली. "हे बघा, हे चोर!" चौघं हसलो. दोन तास बसलो!

येताना सिग्नलला गाडी जराशी अडखळली. थंडी असेल.

८ डिसेंबर

पुन्हा. पेट्रोलचा वासही येतो.

९ डिसेंबर, बुधवार

प्लग काढले. काळे. बाकी सगळं तपासलं, कुठे काही नाही.

मग स्क्रू मोजला. पूर्ण बंद करून किती फेरे उघडा आहे ते. या गाडीला अडीच लागतात. मिस्त्रीनंच सांगितलं होतं, पहिल्या वर्षी. पावणेचार भरला. तीनदा मोजला. अडीचवर आणून सुरू केली, गाडी शांत. इतकी शांत की अंगणात पाखरं ऐकू आली.

सोमवारी त्यानं लावल्यापासून मी हात लावलेला नाही. दुसऱ्या कोणी लावलेला नाही. स्प्रिंग घट्ट आहे, स्क्रू आपला आपण फिरत नाही.

आधीही तो चुकत असेल. माझं लक्ष नव्हतं. मला गाडी बिघडलेलीच हवी होती.

वहिनींना माहीत होतं. म्हणून त्या हसल्या नव्हत्या.

स्क्रू पुन्हा पावणेचारवर ठेवला. त्यानं लावला होता तिथे. वचन दिलंय.

१२ डिसेंबर, शनिवार

गाडी आत घेताना मागे काळा धूर झाला. मिस्त्री टायरवरचं पोतं झटकत होता. थांबला. धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा उतरलेला.

"साहेब, पुन्हा हात लावलात?"

"हो," मी मोठ्यानं म्हटलं.