दारातला माणूस

सोमवार, ३
नव्या कामाचा पहिला दिवस छान गेला. दिवसभर फोन बघायचा आणि वर पगार घ्यायचा, तुझी मजा आहे, असं वहिनी म्हणाली आणि हसली. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, म्हणून मीही हसले.

काम सोपं आहे. फोनवर छोटे व्हिडिओ बघायचे आणि ते किती चांगले दिसतात त्याला एक ते पाच गुण द्यायचे. व्हिडिओ तोच, खोली वेगळी. एक खोली काचेची, भर उन्हाची. दुसरीत बससारख्या हलणाऱ्या खुर्च्या. तिसरी राखाडी भिंतींची, अंधारी. साहेब म्हणाले, उन्हात सगळं खपून जातं, चित्राचं पितळ उघडं पडतं ते अंधारात. शेजारी बसणारे काका प्रत्येक व्हिडिओला पाचच गुण देतात. आपल्या हातून कुणी नापास नको, म्हणतात. त्यांना सगळे पाचकाका म्हणतात.

बुधवार, ५
दादाचा एकच व्हिडिओ आहे. अकरा सेकंदांचा. गॅलरीत सायकलची चेन बसवतोय, शेवटी वर बघतो. माझा फोन अखेरच्या घटका मोजतोय, म्हणून व्हिडिओ इथल्या फोनवर घेतला. चुकून चाचणीच्या यादीत गेला. साहेब म्हणाले, यादी महिनाभर बदलत नाही, राहू दे, तो काय खायला मागतोय?

काचेच्या खोलीत दादा छान दिसला. पाच गुण दिले. अंधाऱ्या खोलीत त्याच्या मागे, दारात, काळा डाग दिसला. डागावर बोट ठेवून 'दोष' दाबला. दाखवलेले दोष इथलं यंत्र रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओतून पुसतं.

शुक्रवार, ७
डाग तसाच आहे. पुसला गेला तो दादाचा हात. डागाला आता खांदे आहेत. काचेच्या खोलीत मात्र सगळं जागच्या जागी. साहेबांना अंधाऱ्या खोलीत नेऊन दाखवलं. म्हणाले, खोलीचा परिणाम, डोळे सरावू द्या.
माझे डोळे सरावले आहेत. मी पुन्हा 'दोष' दाबणार नाही.

सोमवार, १०
आज बाकीच्यांनी तो व्हिडिओ पाहिला. समोरची बाई म्हणाली, दारातला माणूस झकास आलाय, पुढचा डाग तेवढा खटकतो.
पुढचा डाग म्हणजे दादा.
पाचकाकांनीही 'दोष' दाबला. त्यांनी! मी जाब विचारला. म्हणाले, अगं पोरी, त्या बिचाऱ्याच्या पुढ्यात घाण आहे, पुसायला नको? मी म्हटलं, ती घाण माझा सख्खा भाऊ आहे. सगळ्यांच्या माना वळल्या. वळू देत.

मंगळवार, ११
दादाचा फक्त चेहरा उरलाय. आता काचेच्या खोलीतही. चेन आपोआप फिरते. दारातला माणूस गॅलरीत आलाय.
आज पुन्हा सात जणांनी 'दोष' दाबला. साहेबांकडे गेले. यंत्र कुणाचं ऐकत नाही म्हणाले. मग सहज बोलून गेले, चालू असलेला व्हिडिओ तेवढा त्याला पुसता येत नाही.
एवढं पुरे.

मंगळवार, साडेपाच
फोन घेऊन अंधाऱ्या खोलीत. आतून कडी. इथे तो दारातला माणूस मला दिसतो, लपू शकत नाही. व्हिडिओ संपला की लगेच पुन्हा लावते. साहेब दार वाजवतायत. नोकरी गेली म्हणतात. जाऊ दे.

पावणेसहा
तो दादाकडे बघत नाही. माझ्याकडे— आधी नव्हता बघत.
बघ. मीही बघते.

सहा
यंत्र सुरू झालं. भिंतीतून आवाज. दादाचा चेहरा आहे. अजून आहे.
त्या माणसानं बोट उचललं. फोनच्या काचेला आतून टेकवलं— माझ्यावर.
दाब. मी दोष तर दोष. पुन्हा लावला— पुन्हा—
डावा हात दिसत नाही. फोन त्यातच आहे, जाणवतोय. दादाला मी सोड