शेवटच्या बाकावरचे काका

३ जुलै

उद्यापासून मी सस्टेनेबिलिटीचा प्राध्यापक. नऊ वर्षं जंगलात माकडांच्या मागे काढली. मग रस्ता आला. जंगल गेलं, जंगलामागून माकडं, माकडांमागून ग्रँट, ग्रँटमागून मी. म्हणजे ही पृथ्वी कशी टिकवावी हे शिकवायला माझ्याइतका अनुभवी माणूस सापडणार नाही. तिचा एक तुकडा माझ्या डोळ्यांदेखत गेलाय.

विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, ऑगस्टमध्ये मुलांचं मत घेऊ. चांगलं असेल तर परमनंट, नाहीतर नारळ. बायको म्हणाली, नारळ मिळाला तर मुकाट्याने दादाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. दादा म्हणजे माझा मेहुणा. माणूस चांगलाय, पण दर भेटीत विचारतो, काय दाजी, माकडं काय म्हणतात?

दुकानाचा प्रश्नच येत नाही.

४ जुलै, सकाळी

पद्धत ठरली. बाकीचे प्राध्यापक पहिल्याच दिवशी वर्गात घुसून बडबड सुरू करतात. अडाणी लेकाचे. अनोळखी कळपात असं शिरलं की कळप पळतो. आमच्या शास्त्रात आधी कळपाला आपली सवय होऊ द्यायची. कोपऱ्यात गप्प बसायचं, नजर भिडवायची नाही, दात दाखवायचे नाहीत. माकडांना नऊ महिने लागले. ही तर कॉलेजची मुलं. महिना पुरे.

बायको म्हणाली, म्हणजे वर्गात जाऊन नुसता बसणार? म्हटलं, नुसता नाही, शास्त्रशुद्ध. ती म्हणाली, अरे एकदा तरी तोंड उघड.

दुपारी

टाइमटेबलवर माझं नाव नाही, नुसतं 'नवीन प्राध्यापक'. बरंच झालं. खाकी शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसलो. मान खाली. वर्ग फुल्ल. थोडा वेळ फळ्याकडे बघून सगळे निघून गेले. पण एकही जण किंचाळला नाही, कोणी काही फेकून मारलं नाही. पहिल्या दिवशी माकडांनी माझ्यावर काय काय टाकलं होतं ते इथे लिहीत नाही.

उत्तम सुरुवात.

११ जुलै

आठवड्याचा एकच तास, त्यातही आज पोरं निम्मी. हरकत नाही. उपरे गळतात, मूळ कळप राहतो. दोघांची नोंद केली. हेडफोनवाला: म्होरक्या असावा, कारण कोणाचंच ऐकत नाही. चिप्सवाली: तिने पाकीट फोडलं की सगळे तिच्याभोवती. खरी सत्ता तिथे.

१८ जुलै

ऐतिहासिक दिवस!! चिप्सवालीने स्वतःहून पाकीट माझ्यापुढे धरलं. म्हणाली, घ्या ना काका. तुम्हीपण ह्या सरांचीच वाट बघताय ना?

आता 'मीच तो सर' म्हटलं असतं तर सगळी मेहनत पाण्यात. मान हलवली. हेडफोनवाला एक कान मोकळा करून म्हणाला, ह्या वयात शिकायला आलात, मानलं काका तुम्हाला.

दोन चिप्स घेतल्या. तिखट होत्या.

घरी बायकोने विचारलं, शिकवलंस का? म्हटलं, त्याच्याही पुढची मजल मारली. तिने फोन उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन दादाशी बोलली. दार लावून.

२५ जुलै

दिवस फुकट गेला. सर आले नाहीत म्हणून (हे मी काय लिहितोय?) कळप कँटीनला निघाला, मलाही ओढून नेलं. हेडफोनवाल्याने विचारलं, काका, आधी काय करायचात? बोलून गेलो. रस्त्यासाठी पाडलेल्या जुन्या झाडाचं सांगितलं. कळपातली म्हातारी माकडीण रोज येऊन त्याच्या बुंध्यावर बसायची आणि वर बघायची. जिथे फांद्या असायच्या, तिथे. म्हटलं, आपलंही तेच होणार आहे, बसायला बुंधा उरला तर.

सगळ्यांचा चहा गार झाला. हेडफोन गळ्यात. पुढच्या वेळी अजून सांगा म्हणाले, आम्ही मित्रांना घेऊन येतो.

तासभर नुसत्या गप्पा. निरीक्षण शून्य. जिभेला आवर घातला पाहिजे.

१ ऑगस्ट

कँटीनमध्ये टेबलं जोडावी लागली. खुर्च्या कमी पडल्या. परत झाड, परत माकडीण, मग रस्ता कोणाला हवा होता आणि का, ह्यावर पोरांची जुंपली. अशाने मी शिकवायला सुरुवात कधी करणार?

८ ऑगस्ट

चिप्सवाली भडकली होती. हे सर तोंड दाखवत नाहीत आणि पगार कसला घेतात? चला मॅडमकडे. काका मोठे, काका पुढे.

नऊ वर्षांत माकडांनी मला एकदाही पुढे केलं नाही. ऊर भरून आला. केबिनमध्ये शब्द आपोआप फुटले. म्हटलं, मॅडम, ही मुलं दर आठवड्याला येऊन बसतात आणि हा माणूस त्यांना अवाक्षर शिकवत नाही. पोरांच्या वेळेला काही किंमत आहे की नाही? मागून टाळ्या. हेडफोनवाला म्हणाला, त्यापेक्षा आमच्या काकांनाच ठेवा ना मॅडम, ते भारी शिकवतात.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, तुम्हाला काही सांगायचंय का?

एक वाक्य पुरलं असतं, कळतं मला. पण कळपाचा विश्वास इतका शिगेला पोचलेला असताना निरीक्षकाने ओळख उघड करायची नसते. म्हटलं, नाही मॅडम. मुलं म्हणतील ते.

९ ऑगस्ट

मॅडमनी एकट्याला बोलावलं. म्हणाल्या, तुमची तक्रार इतकी मुद्देसूद होती की माझा नाइलाज आहे.

नारळ.

खाली पोरं थांबली होती. सरांना काढल्याची बातमी आधीच पोचली होती. चिप्सवालीने टाळी दिली, काका, जिंकलो आपण! आणि अख्खं पाकीट माझ्या हातात. न फोडलेलं.

२० ऑगस्ट

टाइल्सचं दुकान. हे तात्पुरतं आहे. गिऱ्हाईक म्हणजे तरी काय, कळपच. मेहुण्याला पहिल्याच दिवशी बजावलंय, घाई करायची नाही. तो म्हणाला, दाजी, नुसतं 'या, बसा' म्हणा, बाकी मी बघतो.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. मान खाली. एक बाई आल्या, इकडेतिकडे बघितलं, शेवटी शेजारच्या स्टुलावर टेकल्या. म्हणाल्या, काय हो, तुम्हालापण इथे कोणी विचारत नाहीये का?

मान हलवली.