बाबांच्या डोळ्यांवरची माती

तीर्थस्वरूप नथानेलदादांस,
शालोम आणि साष्टांग नमस्कार.

मी, पिन्हास हानोख चेऊलकर, वय छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, इस्राएलमधील दिमोना येथील एका कारखान्यातील माल-तपासणीस, तुम्ही मागितलेला लेखी खुलासा देत आहे. बाबांच्या थडग्यावरील शिळेवर 'यांच्या डोळ्यांवर यरुशलेमची माती आहे' अशी ओळ कोरायची असून, ती माती नेमकी कोठून घेतली हे मी सहीनिशी कळवावे, असे तुम्ही लिहिले आहे.

इकडे सर्व ठीक. सौ. लेआचा रक्तदाब आटोक्यात आहे. वाळवंटातला उन्हाळा लवकर सुरू झाला.

बाबांनी मला एकोणतीस वर्षांपूर्वी इकडे पाठवले, तेव्हा मागणे एकच केले होते. देव आपल्या लोकांची थडगी उघडून त्यांना त्यांच्या देशात परत आणील, हे संदेष्ट्याचे वचन ते अक्षरशः मानत. परदेशात पुरलेल्याला त्या दिवशी जमिनीखालून लोळत यरुशलेमला जावे लागते, ते टळावे म्हणून डोळ्यांवर ठेवायला तिथली मूठभर माती हवी. "पिन्या, अरबी समुद्राखालून लोळायला माझे गुडघे चालायचे नाहीत रे!" प्रत्येक फोनवर ते हेच म्हणत आणि हसत. मी म्हणे, "पुढच्या खेपेला आणतो."

यरुशलेम माझ्या घरापासून बसने अडीच तासांवर आहे. मी गेलो नाही. मी इकडे आलो तेव्हाच ते वचन पुरे झाले, असे त्यांना वाटत होते. पुरे झालेले वचन म्हणजे मी. मला इथे तसे काही जाणवले नाही. जाणवत नसताना माती उकरणे मला खोटेपणाचे वाटे.

डिसेंबरात बाबा गेल्याचा तुमचा निरोप आला, तेव्हा मी रिकाम्या हातांनी विमानात बसलो. दफन माझ्यासाठी थांबवले होते. रेवदंड्याच्या अलीकडे मी गाडी थांबवली, आपल्या खाचराच्या बांधावर उतरलो आणि रुमालात माती बांधली.

तुम्ही रुमाल सोडलात. सेगुलामावशी म्हणाली, "अगो बाई, ही तर आपल्या खाचरासारखी दिसते."

तुम्ही तिला झापलेत, "मावशी, पवित्र भूमीला खाचर म्हणतेस? तोंड धू आधी!" मग माझ्याकडे वळून विचारलेत, "तिकडची माती लालच असते ना रे?"

मी म्हणालो, "लालच असते."

तुम्ही ती चिमटीने बाबांच्या पापण्यांवर ठेवलीत. त्या वेळी मला लाज वाटली नाही, दुःखही नाही. दोन्ही वाटायला हवे होते, एवढे कळत होते.

गेल्या मंगळवारी मी यरुशलेमला गेलो. जैतुनाच्या डोंगराच्या उतारावरून डबाभर माती घेतली. ती फिकी, चुनखडीची आहे. ती बाबांपर्यंत पोहोचवायची तर थडगे उघडावे लागेल, आणि ते काम संदेष्ट्याने माणसाकडे दिलेले नाही. म्हणून डबा पाठवत नाही.

शिळेवर ती ओळ कोरू नये. कोरली असल्यास पाथरवटाकडून घासून काढावी. तुम्ही गावभर सांगितले आहे, म्हणून हे पत्र येत्या शनिवारी प्रार्थनेनंतर सिनेगॉगमध्ये सर्वांसमोर वाचावे. मावशीला पुढे बसवावे. वाचताना माझे नाव गाळू नये.

आपला धाकटा भाऊ, तुम्हाला अजून तसे म्हणवत असेल तर,
पिन्हास हानोख चेऊलकर
दिमोना, १२ मे २०१९