पर्लला शिक्षा झाली नव्हती

ती. ऑगस्टामावशीस,

ओक्लाहोमाच्या छावणीतून ओटिसचा टोपी काढून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? नवे पाद्री अजून नेमके जेवणाच्या वेळीच तुझ्या आत्म्याची चौकशी करायला येतात का? (त्यांना दोष देऊ नकोस, तुझ्या हातचा तो पीचचा गोड 'पाय' आहेच तसा.) आम्ही सगळे ठणठणीत आहोत. माझं मध्यंतरी कोर्ट मार्शल झालं, तेवढं कळवायचं राहून गेलं.

तुला पर्ल माहीत नाही. ती आमच्या छावणीचं मानाचं खेचर. संचलनात जुना तोफगाडा ओढते, आणि तिचं दाणापाणी, खरारा, रुसवेफुगवे सगळं माझ्याकडे. स्वभावाने गरीब, फक्त तिला भाषणं सोसत नाहीत. (मला तरी कुठे सोसतात? पण मी उभा राहतो, मला पगार मिळतो.) तर वसंतातल्या संचलनात आमचे नवे कर्नल ब्रॅनिगन शिस्त या विषयावर बोलायला उभे राहिले आणि पर्ल खाली बसली. मंचासमोर, ऐन मधोमध, तोफेसकट. कर्नल माईकवरूनच गरजले, "सार्जंट वॉर्डलॉ, तिला उठव! हा हुकूम आहे!" मी ओढलं, ढकललं, गाजर दाखवलं, लाज काढली. शेवटी तिच्याशेजारी मांडी घालून बसलो, कारण ती बसली की तिच्याशी बसूनच बोलावं लागतं. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. कर्नलना तसं वाटलं नाही. हुकूम मोडल्याबद्दल माझ्यावर खटला झाला आणि बाहीवरची हुद्द्याची एक फीत उतरली. एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला कळवलंही नसतं. पण कर्नलनी वेगळा आदेश काढून पर्लला सेवेस अपात्र ठरवलं आणि शेजारच्या गावी निकामी जनावरांच्या आवारात धाडलं. तिथून पुढे त्यांची पाठवणी कुठे होते, हे तुझ्यासारख्या शेतकरणीला मी काय सांगणार!

मला अपिलासाठी कॅप्टन केसलर नावाची वकील मिळाली. पोरगी हुशार, पण कायद्यावर फार श्रद्धा. म्हणाली, "सार्जंट, फीत परत मिळेल." मी म्हटलं, "मॅडम, फीत जाऊ दे खड्ड्यात, पर्ल आणा." तिने पुस्तकं चाळून शोधून काढलं की लष्करी अपील कोर्टाला असाधारण अधिकार असतात. असाधारण! मावशी, तो शब्द ऐकून मी घरी जाऊन पर्लचा साज पुसून ठेवला.

सुनावणीला मी रजा काढून व्हर्जिनियाला गेलो. तीन न्यायाधीश, तिघेही कर्नलच, वरून काळे झगे. मधल्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं, "कॅप्टन, या खेचरावर खटला चालला होता का?"

"नाही, माननीय न्यायाधीश."

"तिला शिक्षा झाली?"

"नाही. पण कोर्टाच्या असाधारण अधिकारात—"

"आमच्यापुढे निकाल आहे आणि शिक्षा आहे. तेवढं काम नीट पार पाडायला लागतील तितकेच ते अधिकार. नवं काम ओढून आणायला नाहीत. कर्नलचा तो आदेश चूक असेलही. पण तो शिक्षेचा भाग नाही."

म्हणजे बघ, कर्नलनी जर पर्लला रीतसर शिक्षा दिली असती तर कोर्टाने ती तपासली असती. नुसताच अन्याय केला, म्हणून ते सुटले! आम्ही मात्र जिंकलो. निकाल आला की जे करणं माणसाच्या हातातच नाही, ते न केल्याचा गुन्हा होत नाही. शिक्षा रद्द, फीत परत. तेव्हा कॅप्टनचा फोन आला. "अभिनंदन, सार्जंट," असं म्हणाली आणि पर्लसाठी काही करता आलं नाही म्हणून माफी मागू लागली. उलट मीच तिची समजूत घातली.

परत मिळालेली फीत शिवून मी तडक त्या आवारात गेलो. पर्लच्या बरगड्या मोजता येत होत्या. मला बघून तिने तोंड फिरवलं, मग मागे येऊन माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि तिथेच ठेवून दिली. मी काय केलं ते लिहीत नाही, मी सैनिक आहे. असो, तू काळजी करू नकोस. तिला आता उत्तम घर मिळालंय. मोकळं कुरण, भक्कम गोठा, आणि घरधनीण अतिशय प्रेमळ, जराशी तोंडाळ.

तुझा,
ओटिस

ता. क. : जनावर फुकट देतात, पण शेत असणाऱ्यालाच. तुझं शेत आहे.

ता. क. २ : आवारवाल्याला मालकिणीचा होकार फोनवर हवा होता. तुझा आवाज मला लहानपणापासून चांगला काढता येतो.

ता. क. ३ : पर्लचा ट्रक बुधवारी पोचतो, हे पत्र गुरुवारी. तेव्हा अंगणात कालपासून जे उभं आहे, ते तेच. कृपा करून शेरीफला फोन करू नकोस. कॅप्टनला विचारून घेतलंय : शेरीफचा अधिकार तुझ्या अंगणात चालतो, आणि त्या फोनवरच्या आवाजापायी तिथून माझ्यापर्यंतही पोचू शकतो.