बंदुकीवर न बसणारी दुर्बीण

प्रिय केविन,

हे पत्र हाताने लिहून त्याचे फोटो पाठवते आहे. फोनवर हे जमत नाही. रविवारी आपण बोलतो तेव्हा आप्पा मला खेटून बसलेले असतात, आणि मधेच शेजारचे काकासाहेब येऊन माझ्या हातातून फोन घेतात. तेव्हा तुझी मोनिका कामावर गेली की एका बैठकीत वाच. विषय दुर्बिणीचाच आहे. टेक्सासला मित्राच्या रानात तू बंदुकीवर जी अंगाच्या उबेवरून अंधारात जनावर दाखवणारी थर्मल दुर्बीण लावून ते कोल्ह्यासारखे कोयोटे मारतोस, ती जुनी झाली म्हणून फेब्रुवारीत येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर काकासाहेबांना पाठवतो, असं तू त्यांना कबूल केलं आहेस. ती तू पाठवू नयेस, असं मला वाटतं. का, ते सांगायला थोडा वेळ लागेल.

आधी काकासाहेबांची बाजू सांगते, नाहीतर मी त्यांच्यावर अन्याय करीन. तू गेलास तेव्हा आपल्या वस्तीवरून पुणतांब्याची वाट दिसायची. आता तिन्ही बाजूंनी ऊस आहे. बिबट्या उसातच जन्मतो, उसातच वाढतो. तोड सुरू झाली की तोडणाऱ्या बायकांना पाचटात पिल्लं सापडतात. दिवाळीत त्याने काकासाहेबांची कालवड गोठ्यातून ओढून नेली. लहानपणापासून त्यांच्या नातीच्या हाताने चारा खाणारी कालवड होती ती. ती पोर अजून गोठ्याकडे जात नाही. वनखात्याचा पिंजरा लागला, त्यात आठ दिवस एक शेळी ओरडत राहिली आणि पिंजरा दुसऱ्या गावाला गेला. काकासाहेबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बाराबोर बंदूक आहे, हे तुला माहीत आहे. बिबट्याला मारणं गुन्हा आहे हे त्यांनाही माहीत आहे. "मारायला कोन बसलंय? हवेत बार काढायचा," असं ते म्हणतात. हवेत बार काढायला नेम धरायची दुर्बीण कशाला लागते, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

नाताळाआधी वस्तीवरच्या घरांनी वर्गणी काढून एक हातात धरायची थर्मल दुर्बीण घ्यायची ठरवली. पहाटे नाहीतर दिवेलागणीला शेतात उतरायच्या आधी बांधावरून एकदा नजर फिरवायची, एवढाच तिचा उपयोग. निवड माझ्यावर सोपवली, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते. एक साधी मोटारसायकल येईल इतकेच पैसे जमले होते, म्हणून मी बरंच वाचलं. तुझे व्हिडिओही पाहिले. तुझ्या शेवटच्या व्हिडिओत एक पांढरा ठिपका पळतो, नेमाचा क्रॉस त्याच्यावर जातो आणि ठिपका आडवा होतो. मी तो तीनदा पाहिला. रात्री डायरीत लिहिलं की मला वाईट वाटलं, आणि त्याखाली लिहिलं की माझी कालवड गेली असती तर वाटलं असतं का. दोन्ही वाक्यं तशीच ठेवली आहेत.

कमी पैशात सगळं मिळत नाही, हे तूच सांगितलंस. लांबचं पाहणारं भिंग घेतलं तर समोरचा पट्टा अरुंद होतो. रुंद पट्टा घेतला तर लांबचं जनावर नुसता ठिपका दिसतं. नगरहून तौसीफ आला होता, कॅमेरे बसवायचं काम करतो तो. त्याने दोन नमुने आणले. लांबच्या भिंगाने काकासाहेबांनी कॅनॉलपलीकडचं कुत्रं ओळखलं आणि म्हणाले, "हीच घ्या. त्याची मिशी मोजता यील." मी रुंद पट्ट्याची धरून बसले. आपल्याला कॅनॉलपलीकडचं काही नको, घरापासून उसाच्या कडेपर्यंत एका नजरेत दिसायला हवं, असं मी म्हणाले. आणखी एक अट मी घातली: जवळच्या आकाराचे हात-पाय वेगळे कळले पाहिजेत. तौसीफ हसला. म्हणाला, "मॅडम, बिबट्याला हात कुठले?" काकासाहेब म्हणाले, "त्या बाई कशाच्या बिबट्या बघत्यात, त्या शाळंतली पोरं मोजत्यात." सगळे हसले, मीही हसले. पण अट मागे घेतली नाही. आणि ती अट का घातली, हे कोणालाही सांगितलं नाही.

आप्पांची तब्येत बरी आहे, असं मी तुला दर रविवारी सांगते. रक्तदाब बरा आहे, साखर आटोक्यात आहे, जेवण व्यवस्थित आहे. यातलं काहीच खोटं नाही. चर्चमध्ये अजून पुस्तकात न पाहता सगळी गीतं म्हणतात. पण पावसाळा संपल्यापासून माझी झोप सावध झाली आहे. दाराची कडी मी वरच्या बाजूला बसवून घेतली, त्यांच्या चपला आत आणून ठेवते. मागच्या रविवारी त्यांनी तुला विचारलं, "पाणी कुठवर आलं रे?" तू हसलास आणि म्हणालास, "आप्पा, टेक्सासला पूर यायला अजून वेळ आहे." तेही हसले. तू हसलास म्हणून ते हसले, हे मला शेजारी बसून दिसलं.

तौसीफने दुर्बिणी दोन दिवस वापरून बघायला ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या थोडं आधी, काकासाहेब अंगणात आले. थंडी कडाक्याची होती. जमीन गार असली की जिवंत शरीर स्वच्छ दिसतं, उन्हाने माती तापली की सगळं एकसारखं होतं; म्हणून हीच वेळ चांगली, असं तौसीफने सांगितलं होतं. लांबच्या भिंगाची काकासाहेबांकडे, रुंद पट्ट्याची माझ्याकडे. आपला गेल्या महिन्यात तोडलेला ऊस, त्याचा खोडवा गुडघाभर आला आहे, पलीकडे त्यांचा उभा ऊस, आणि मधे पाटाच्या पाण्याची जुनी कोरडी चारी. काकासाहेब एकदम थांबले. कुजबुजत म्हणाले, "बसलाय. चारीच्या तोंडाशी. पाठमोरा हाय." मी पाहिलं. पांढरी वाकलेली पाठ, जमिनीलगत. वर डोकं नाहीच. मान खाली घालून काहीतरी खाणाऱ्या जनावरासारखा आकार. मलाही तो बिबट्याच वाटला, केविन. मी विज्ञान शिकवते, मला अट घालायचं सुचलं होतं, तरी मला तो बिबट्याच वाटला. काकासाहेब म्हणाले, "आज बंदुकीवर आसती ना ही, तर," आणि वाक्य तोडून बंदूक आणायला घराकडे पळाले.

ते गेल्यावर आकाराने एक हात पुढे काढला. पंजा नाही, हात. बोटं पसरलेली, तळवा मातीला लावलेला. तू हा हात ओळखला असतास. पाटाची पाळी असायची तेव्हा आप्पा पहाटे दारं धरायला, सरीसरीत पाणी वळवायला जायचे, आणि आपण बांधावर बसलेलो असायचो. पाणी सरीच्या शेवटापर्यंत पोचलं का, हे ते कधी बॅटरीने बघायचे नाहीत. उकिडवे बसून सरीत तळवा ठेवायचे आणि ओल हाताला लागेपर्यंत तसेच थांबायचे. दंव आणि उसाचं पातं लागू नये म्हणून डोक्यावर गोणपाटाची खोळ, पार खांद्यापर्यंत. त्या जाड खोळीने डोक्याची ऊब बाहेर येऊ दिली नव्हती, म्हणून दुर्बिणीत डोकं नव्हतं. त्या शेतात पाटाचं पाणी कित्येक वर्षांत आलेलं नाही. ठिबकच्या नळ्या तूच पैसे पाठवून टाकून घेतल्या आहेस. अंगणात येताना दाराची कडी मीच काढून ठेवली होती. मी धावत गेले. त्यांनी वर बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आई कुठंय तुझी? तिला सांग, अजून कोरडंच हाय." शाळेत शिकवताना आयुष्यभर शुद्ध बोललेले आप्पा आता लहानपणीची बोली बोलतात. मी त्यांना उसाच्या आडोशाने, मागच्या वाटेने घरी आणलं. काकासाहेब बंदूक घेऊन आले तेव्हा चारीवर कोणी नव्हतं. ते अजूनही सांगतात की बिबट्या थोडक्यात निसटला, आणि तुझ्या दुर्बिणीची वाट बघतात.

आता तुला कळलं असेल मी हे का लिहिते आहे. परदेशातून अशी वस्तू आणणाऱ्याला विमानतळावर उत्तरं द्यावी लागतील, हे कारण मला पुढे करता आलं असतं; ते खरंही आहे, पण त्याच्या आड मला लपायचं नाही. आप्पांनी मला शपथ घातली होती, त्यांचं हे विसरणं तुला सांगायचं नाही, आणि काकासाहेबांना तर मुळीच नाही. "माझ्या हाताखाली शिकलाय तो, त्याने मला असं बघायला नको." मी तो शब्द पाळला आणि त्यापायी काकासाहेबांना त्या सकाळी बिबट्याच दिसू दिला. शब्द पाळणं म्हणजे हेच का, हे मला अजून ठरवता येत नाही. पण ज्या माणसाने दर आजारपणात आप्पांना आपल्या जीपमधून दवाखान्यात नेलं, त्याच्या हातून असं काही घडू शकेल अशी जागा मी मोकळी ठेवणार नाही. तुला कळल्याशिवाय शेजारी सांगणं बरं नव्हतं, म्हणून आधी हे पत्र. उद्या चर्चहून आले की काकासाहेबांकडे जाईन, त्यांची बायको समोर असताना सगळं सांगेन, आणि रुंद पट्ट्याची दुर्बीण वस्तीसाठी आणि आप्पांसाठी घ्यायची असं ठरवून येईन. ती बंदुकीवर बसत नाही, तिच्यात क्रॉसही नाही. काकासाहेब रडतील, मला माहीत आहे. आणि परवापासून पहाटे माझ्याआधी तेच चारीवर जाऊन उभे राहतील, हेही माहीत आहे. तू त्यांना फोन कर, जुनी दुर्बीण येणार नाही हे तुझ्या तोंडून सांग. जमलं तर उन्हाळ्यात ये, आप्पा तुला नावाने ओळखतात तोवर. ते नाही जमलं तर एवढं कर. रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं, पाणी कुठवर आलं, तर हसू नकोस. शेवटच्या सरीला पोचलंय आप्पा, सगळं भिजलं, आता घरात चला, असं म्हण. तुझं ते ऐकतील.

तुझीच,
स्टेलाताई