दगडासोबत आलेले

अनसिंग,
रविवार

प्रिय वैष्णवी,

तुझा चेहरा मी फक्त फोटोत पाहिलाय, पण आवाज चांगला ओळखतो. मोबाइलवर लिहून माझी बोटं दुखतात आणि जे सांगायचं ते तिथे मावत नाही, म्हणून हे पत्र. तू तिसरीत आहेस, वाचता येईल. अडलं तर आईला विचार. ती वाचून चिडली तर चिडू दे, तिचा तो हक्क आहे.

मी बत्तीस वर्षं कृषी सहायक होतो. शेतात जायचं, पिकावरची कीड पाहायची आणि सांगायचं की ही मित्र, ही शत्रू. अळी दिसली रे दिसली की लोक फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचे. मी ओरडायचो, "अबे, आधी मोज तं! एका मीटरात किती हायेत थे पाह्य, मंग फवार." हे एकच वाक्य मी जन्मभर लोकांना ऐकवलं. माझ्या घरात खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आली, तेव्हा मीच ते विसरलो.

तुझ्या पप्पांची, प्रसेनजितची, बदली नागपूरला झाली. भाड्याच्या घरात चार फुटांची टाकी नेता येईना, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. जाताना तो पुण्याच्या कुणा शौकिनाकडून आणलेले समुद्री दगड आत रचून गेला. नुसते दगडच की, असं मला वाटलं. आठवडाभरात त्यांतून बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं बाहेर पडली! एका भोकातून गुलाबी, केसाळ, वीतभर लांब अळी डोकावली. मी चिमटा घेतला. चार दिवसांत एकतीस काढल्या, बोटांत कुसं भरली, तरी गडी खूश. त्याच दगडावर एक तपकिरी, नाजूक फूल उमललं होतं. तुझी आजी लिलाबाई असती तर तिला ते फार आवडलं असतं, म्हणून मी ते जपलं. पंधरा दिवसांत पाण्याला घाण वास सुटला. दोन माशांतला एक मेला. एका फुलाची अकरा फुलं झाली आणि शेजारचा प्रवाळ आक्रसून बसला.

तेव्हा प्रसेनजित माझ्याशी बोलत नव्हता. चूक माझीच होती, ती पुढे सांगतो. तरी मी त्याला फोटो पाठवले. लगेच उत्तर आलं, की अळ्या मारू नका, त्या माशांचं उरलेलं खातात, टाकी साफ ठेवतात. ते फूल नाही, तो प्राणी आहे, डंख करतो. तोडूही नका, प्रत्येक तुकड्याचा नवा होतो. झालं! आयुष्यभर लोकांना शहाणपण शिकवलं, आणि स्वतःच्या घरात मित्र मारून शत्रू पोसला. लाज वाटली, पण त्याहून आनंद जास्त झाला. पोराचा राग गेला, असं वाटलं मला.

मग रोज फोटो. फटीतून वळवळणारे पाच लांब हात दिसले, तर तिकडून कळलं की तो तारामासा आहे, गरीब आहे, राहू द्या. काचेवर पांढरे ठिपके दिसले, तर त्या गोगलगाई निघाल्या. मी रोज वाट पाहायला लागलो. आणि एके दिवशी लिहिण्याऐवजी तुझा आवाज आला, "आजोबा, मी वैष्णवी होय. पप्पाच्या पुस्तकात सारं हाय. एक विचारू काय? त्या अळीले कोनी बोलावलं नोतं, म्हनून मारलं का तुमी?"

मी ते तीनदा ऐकलं. म्हणजे इतके दिवस पप्पांच्या फोनवरून उत्तरं तूच लिहीत होतीस. मग फोन खाली ठेवला आणि उगाच माशाला खायला घातलं. त्यानंतरही तू प्रत्येक फोटोला उत्तर देत राहिलीस. तुझ्या त्या प्रश्नाला मात्र मी बगल दिली.

आज उत्तर देतो. हो, म्हणूनच मारलं. आणि तेवढ्यावर मी थांबलो नाही. प्रसेनजितने तुझ्या आईशी लग्न केलं तेव्हा तू तिच्यासोबत आलीस, आणि मी तुला कधी घरी बोलावलं नाही. टाकी आली त्याच आठवड्यात, आजीच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदन होतं त्या वेळी तुझ्या पप्पांनी फोन केला होता, आम्ही तिघं येतो म्हणून. मी म्हणालो, "तुमी दोघं या. पोरीले तिच्या नानीकडे ठेवा. लोकाईले काय सांगू, कोनाची हाय म्हनून?" कुणीच आलं नाही. लिलाबाईच्या फोटोपुढे मेणबत्ती मी एकट्याने लावली. फोन स्पीकरवर होता आणि तू तिथेच बसली होतीस, हे परवा तुझ्या आईने सांगितलं. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, आणि तरी तू माझी टाकी वाचवत होतीस. बाळा, मी फार चुकलो. फोनवर माफी मागणं बरं नव्हे, म्हणून शनिवारी सकाळच्या बसने नागपूरला येतोय. दारात उभा राहीन. आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव. लोकांना काय सांगायचं ते माझं ठरलंय. माझी नात आहे, असं सांगेन. आणि तुझ्या आईपप्पांना बजावून ठेव, की वैष्णवीला सोबत घेतल्याशिवाय त्या दोघांनी माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही.

तुझाच, तू म्हणू दिलंस तर,
जानराव आजोबा