पत्रिका काढली आणि खांब सापडला

कन्नमवार नगर, विक्रोळी
रविवार

तीर्थस्वरूप वनमालाताईस, सहदेवचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? भावोजींची साखर आटोक्यात ना? फोनवर तू मला बोलू देत नाहीस (थोरल्या बहिणी अशाच), म्हणून पत्र. बातमी मोठी आहे. तुझा भाऊ जिंकला!

पाच वर्षांपूर्वी तुझ्या नितेशने माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून जेंटू नावाचं लिनक्स टाकलं. “मामा, तुम्ही टूलरूमचे माणूस, तयार माल कशाला वापरता?” म्हणाला. यात प्रोग्राम आयता येत नाही. त्याचा कच्चा मजकूर येतो आणि आपलं मशीन तो घरीच घडवतं. मोठ्या एखाद्याला तासच्या तास लागतात आणि पंखा असा ओरडतो की शेजारचे विचारतात, आज वाटण कसलं? दर आठवड्याला अपडेट करा, असंही नितेशने बजावलं होतं. मी आठ महिने केलं नाही. (अक्षताच्या बाळंतपणात कोणाला सुचतंय!)

आणि मंगळवारी बिल्डरने आमच्या नव्या इमारतीचा नकाशा पाठवला. रविवारी सोसायटीची सभा, सेक्रेटरी मी, आणि फाइल उघडेना. तिला नवा प्रोग्राम हवा. अपडेट लावलं तर पडदाभर लाल अक्षरं! नव्या प्रोग्रामला एक लायब्ररी (म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो सुटा भाग) नवीन हवी, दुसऱ्या कुणाला तरी तीच जुनी हवी, आणि दोघी एकत्र राहायला तयार नाहीत. मी नवी घातली, काढली, जुनी घातली, पुन्हा काढली. तीन दिवस हेच. त्यात आमचे खजिनदार प्रभू रोज दारात: “सेक्रेटरी, नकाशा काय बघायचाय? सह्या करून मोकळे होऊया ना!”

शुक्रवारी दुपारी जया मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “अहो, यात पत्रिकेचं नाव कशाला आलंय?” बघतो तर तळाच्या ओळीत खरंच! अक्षताच्या लग्नासाठी मी पत्रिका जुळवायचा प्रोग्राम घातला होता. तिने परस्पर ऑफिसातला मुलगा पसंत केला, पत्रिका कुणी पाहिलीसुद्धा नाही, आता नात झाली. पण हा प्रोग्राम आपला जुन्या लायब्ररीचा पदर धरून बसलेला. (वाचलं जयाने, अर्थ मी लावला. नोंद असावी.) काढून टाकला. मग एकशे ब्याण्णव प्रोग्राम एकामागून एक घडत गेले, एकही अडला नाही. मी देवापुढे साखर ठेवली.

आज सभेत भिंतीवर नकाशा मोठा करून दाखवला आणि ताई, प्रत्येक स्वयंपाकघरात, बरोब्बर ओट्यासमोर, खांब! बायका उठून उभ्याच राहिल्या. प्रभू माझा हात धरून म्हणाले, “सह्या केल्या असत्या तर वाट लागली असती रे!” बिल्डरचा माणूस घाम पुसत नकाशा बदलून आणतो म्हणून गेला. टाळ्या झाल्या. जयाने सर्वांत उशिरापर्यंत वाजवल्या.

तुझा धाकटा,
सहदेव

ता. क. अपडेटनंतर कॉम्प्युटरचा आवाज गेला आहे. जया काल संध्याकाळपासून मालिका मुकीच बघते आणि संवाद मला म्हणायला लावते. सासूचेसुद्धा.

आणखी ता. क. खरं तर पत्र यासाठीच. नितेशला उपाय विचार, पण माझं नाव घेऊ नकोस. भांडुपचे एक गृहस्थ आहेत म्हण. “मामाच ना?” असं म्हणाला, तर फोन ठेवून दे.